सांगकाम्याची सूचनापत्रिका

'काखेत कळसा नि गावाला वळसा' ही म्हण आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. संगणकापुढे बसणाऱ्याची गत पुष्कळदा अशीच होते. पालमसारख्या तालुक्याच्या गावी एखाद्या सेवा केंद्रात पाहा. पडद्याच्या माथ्यावर वीस-पंचवीस टॅब उघडे असतात. टॅब म्हणजे उघडून ठेवलेले पान. एकात सातबारा, दुसऱ्यात पीक विमा, तिसऱ्यात बाजारभाव, चौथ्यात मुलांच्या शिष्यवृत्तीचा अर्ज. हवे ते पान उघडेच असते, आणि चालक मात्र ते नव्याने शोधत बसतो.

हे काम आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतनिसावर सोपवता येऊ लागले आहे. त्यासाठी त्याच्या हाती टॅब शोधण्याचे एक साधन दिलेले असते. मात्र त्या साधनाच्या पोटात काय आहे, हे तो सहसा पाहत नाही. त्याच्यापुढे येते ते साधनाचे नाव, थोडेसे वर्णन आणि कोणती माहिती पुरवायची याचा तपशील. अशी साधने जोडण्याची एक खुली पद्धत अँथ्रॉपिक या कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केली. तिचे नाव मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल. तिच्यातही साधनाची ओळख अशीच करून दिली जाते. म्हणजे हा मदतनीस गोष्टीतला सांगकाम्याच म्हणा ना! लिहिलेले असेल तसे करील, लिहिलेले नसेल तेथे अंदाज बांधील. म्हणून ती सूचनापत्रिका तपासणे अगत्याचे. गुरुजींनी उत्तरपत्रिका तपासावी तशीच तीही तपासता येते.

पहिला प्रश्न असा, की हे साधन नेमके शोधते कोठे? पानाच्या शीर्षकात, पत्त्यात, की आतल्या मजकुरात? 'टॅब शोधते' एवढेच लिहिणे म्हणजे नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. साधन केवळ शीर्षक पाहत असेल आणि मजकुरातला शब्द दिला, तर पान उघडे असूनही हाती काही लागायचे नाही.

दुसरा प्रश्न आपल्या मराठीचा आहे. शाळेत आपण सामान्यरूप शिकवतो. कापूस, पण कापसाला. शाळा, पण शाळेत. मोल्सवर्थचा कोश १८३१ साली निघाला. त्यात 'कापसाला' पाहायचे झाले तर 'कापूस' काढावे, हे माणसाला कळते. अक्षराला अक्षर जुळवणाऱ्या साधनाला ते कळत नाही. सातबाराचेच घ्या. कोणी तो अक्षरांत लिहितो, कोणी मराठी आकड्यांत, कोणी इंग्रजी आकड्यांत. 'ॲप' या शब्दातला पहिला स्वर तर संगणकात दोन प्रकारे साठवला जातो. डोळ्यांना दोन्ही सारखेच, यंत्राला वेगळे! साधन हे भेद सांभाळते की नाही, हे पत्रिकेत स्पष्ट हवे. म्हणजे निदान मदतनीस दोन-तीन रूपांनी शोधून पाहील.

तिसरा प्रश्न उत्तराचा. 'सापडले नाही' आणि 'शोधताच आले नाही' या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पोस्टमनने 'पत्र नाही' म्हणणे वेगळे आणि टपालाची गाडीच न येणे वेगळे. पत्रिका दोन्ही एकाच मापाने मोजत असेल, तर मदतनीस खुशाल सांगेल की तुमचा अर्ज उघडलेलाच नाही. शिवाय दोन पाने जुळली तर आधी कोणते येणार? येथे खिशाला चाट बसू शकते. महाराष्ट्रात २०२३ च्या खरिपापासून एक रुपयात पीक विमा मिळत होता. २०२५ च्या खरिपापासून ती सवलत बंद झाली आणि शेतकऱ्याचा हिस्सा पुन्हा सुरू झाला. खरिपाच्या अन्नधान्य व गळित पिकांना तो विमा रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत असतो. दोन्ही काळांतली पाने उघडी असली आणि मदतनिसाने जुने उचलले, तर शेतकरी एक रुपयाच्या हिशेबाने घरी जाईल आणि मुदत निघून जाईल. टॅब सापडला म्हणजे माहिती ताजी आहे असे नव्हे, हे वाक्य पत्रिकेत असलेच पाहिजे.

चौथा प्रश्न मर्यादेचा. साधन नुसते शोधते, की टॅब बदलते आणि बंदही करते? अर्धा भरलेला अर्ज बंद झाला तर मेहनत वाया जाते. बँकेचे उघडे पान त्याला दिसते काय? आणि पानावर कोणी 'अमुक करा' असे लिहून ठेवले असेल, तर ती मालकाची आज्ञा समजू नये, ही ताकीदही हवी.

आता परीक्षा कशी घ्यावी? दहा कामे काढा. त्यांतल्या दोन कामांचे पान मुद्दाम उघडू नका. पत्रिका देऊन मदतनिसाला ती कामे करू द्या. कोठे चुकला, कोठे नसलेले पान असल्याचे सांगितले, ते टिपा. मग त्या जागची वाक्ये सुधारा आणि तीच दहा कामे पुन्हा द्या. चुका घटल्या तर पत्रिका सुधारली. भाषा नुसती गुळगुळीत झाली, तर तिचा उपयोग नाही.

शिक्षक बंधु-भगिनींनो, यासाठी वर्गात संगणक नसला तरी अडत नाही. एका मुलाला साखर-मिठाचे पाणी करण्याची कृती लिहायला सांगा. दुसऱ्याने शब्दाबाहेर न जाता ती करावी. 'थोडे मीठ' म्हणजे किती, आणि पाणी उकळलेले हवे की साधे, हे प्रश्न मुले आपोआप विचारू लागतील. दुसऱ्याला नीट कळेल असे लिहिणे ही जुनीच विद्या आहे. ऐकणारा आता कधी माणूस असतो, कधी यंत्र. पण चुकीचा भुर्दंड शेवटी माणसालाच पडतो.