निवारा रिकामा ठेवण्याचं काम



सभागृहात येता येता दोन प्रश्न कानावर पडले. एक, ‘ही कुत्री तुम्ही एकदाची उचलून का नेत नाही?’ आणि दुसरा, ‘त्या मुक्या जिवांना पिंजऱ्यात का डांबता?’ विचारणारी माणसं एकमेकांवर चांगलीच चिडलेली दिसली. पण गंमत अशी, की दोघांच्या डोळ्यांपुढचा निवारा एकच आहे. कुत्री नेऊन ठेवायची जागा! मी महापालिकेच्या निवाऱ्यात पशुवैद्य म्हणून काम करतो आणि माझं म्हणणं असं, की तशी जागा चालवताच येत नाही. निवारा हवा तो जुन्या धर्मशाळेसारखा, ‘तीन दिवसांच्या वर मुक्काम करू नये’ अशी पाटी लावलेला.

हा वाद मुंबईला नवा नाही. १८३२ साली सरकारने मोकाट कुत्री मारण्याची मोहीम काढली. मारणाऱ्याला कुत्र्यामागे बक्षीस मिळे. पाळीव कुत्रीही ओढून नेतात, अशी ओरड झाली, पारशी मंडळी रस्त्यावर उतरली आणि दंगल पेटली. पुढे दोनच वर्षांत, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभॉय आणि शहरातल्या व्यापाऱ्यांच्या पैशातून भुलेश्वरला पांजरपोळ उभी राहिली. मारायचं नाही, तर ठेवून घ्यायचं, हा त्या काळचा तोडगा. भाकड गाईसाठी तो ठीक आहे. चारा, पाणी, सावली आणि हिंडायला जागा मिळाली, की ती शांतपणे म्हातारी होते. कुत्र्याचं तसं नाही. तो गल्लीची हद्द राखणारा प्राणी. अनोळखी पन्नास कुत्र्यांच्या भुंकण्यात त्याला कोंडलं, की पहिल्या दिवशी तो खात नाही, दुसऱ्या दिवशी थरथरतो आणि आठवड्याभरात आजारी पडतो. हे हळवेपणाने सांगत नाही. ताणामुळे प्रतिकारशक्ती ढासळते आणि लपलेला आजार डोकं वर काढतो, एवढंच त्यातलं शास्त्र.

परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाची स्थापना १८८६ सालची. तिथे काय किंवा देशातल्या कुठल्याही महाविद्यालयात काय, कुत्र्यामांजरांचं वैद्यक शिकवलं जातं ते एक जनावर, एक केसपेपर, एक निदान या रीतीने. निवाऱ्यात पहिल्याच आठवड्यात ती रीत अपुरी पडते. पार्व्हो या विषाणूच्या आजाराचं उदाहरण घ्या. उलट्या आणि रक्ताची हगवण घेऊन एक पिल्लू येतं. दवाखान्यात मी त्याला सलाईन लावीन, उलटी थांबवायची सुई देईन, रात्रभर जागेन. निवाऱ्यात हे सगळं करतोच, पण पहिला प्रश्न वेगळा असतो. हे पिल्लू सकाळपासून कुठल्या कुठल्या पिंजऱ्यात ठेवलं होतं? कोणी उचललं? त्याच हातांनी पुढे कोणाला खायला घातलं? हा विषाणू फरशीच्या भेगेत महिनोन्‌महिने टिकतो आणि नेहमीच्या फिनाईलला तो दाद देत नाही. त्याला लागतं ब्लीच, तेही आधी घाण धुऊन काढल्यावर, कारण मळावर ओतलेलं ब्लीच वाया जातं. शिवाय साफसफाईचा क्रम ठरलेला. आधी निरोगी पिल्लं, मग मोठी कुत्री, सगळ्यांत शेवटी आजारी. बादली वेगळी, झाडू वेगळा, गमबूटही वेगळे. सफाई कर्मचाऱ्याने क्रम उलटा केला, तर माझी सगळी पदवी फुकट. आमच्याकडे सर्वांत जास्त जीव कोण वाचवतं असं विचाराल, तर मी झाडूवाल्याकडे बोट दाखवीन, आणि त्याचा पगार किती ते मात्र विचारू नका.

अमेरिकेतल्या निवारा-पशुवैद्यांच्या संघटनेने २०१० साली या कामाची मार्गदर्शक तत्त्वं छापली, २०२२ मध्ये ती सुधारून पुन्हा काढली. झेपेल त्यापेक्षा जास्त जनावरं ठेवणं त्यांनी अमान्य ठरवलं आहे. झेपणं म्हणजे नुसते पिंजरे मोजणं नव्हे. धुणारे हात किती, वैद्य किती आणि एक जनावर सरासरी किती दिवस राहतं, हे सगळं त्यात येतं. वीस पिंजऱ्यांत प्रत्येक कुत्रा पाच दिवस राहिला, तर महिन्याला एकशेवीस कुत्र्यांचं काम होतं. दहा दिवस राहिला, तर साठांचं. पिंजरे तेवढेच, नुसता मुक्काम लांबला.

याच हिशेबात माझी रोजची अडचण बसलेली आहे. रस्त्यावरच्या कुत्र्यांत मीलनातून पसरणारा एक कर्करोग असतो. जननेंद्रियावर फुलकोबीसारखी रक्ताळलेली गाठ येते. बघणाऱ्याला वाटतं, आता संपलं. प्रत्यक्षात व्हिन्क्रिस्टिनची सुई आठवड्यातून एकदा, अशी बहुधा चार-सहा आठवडे दिली, की गाठ विरते. हमखास म्हणावं असं यश इतर कर्करोगांत क्वचितच मिळतं. पण त्यासाठी एक पिंजरा महिनाभर अडतो, आणि तेवढ्यात बाहेर नसबंदी राहून गेलेल्या काही माद्या वितात. बरा होणारा रोगी समोर आहे, औषध कपाटात आहे, तरी ठेवून घेऊ का, असा प्रश्न पडतो. आम्ही शक्यतो गल्लीतलं माणूस शोधतो. त्या कुत्र्याला रोज पोळी घालणाऱ्या एखाद्या काकू दर आठवड्याला त्याला रिक्षात घालून आणतात. कागदोपत्री या काकूंची नोंद कुठेच नसते.

आता रेबीज. पिसाळलेला कुत्रा म्हटलं, की लाळ गाळत, जो दिसेल त्याला चावत सुटलेला कुत्रा आपल्याला आठवतो. मुका रेबीज त्याहून फसवा. कुत्रा गप्प कोपऱ्यात बसतो, जबडा लोंबतो, गिळता येत नाही, आवाज घोगरा होतो. आणणारा सांगतो, ‘डॉक्टर, घशात हाड अडकलंय, मी हात घालून पाहिलं.’ हे वाक्य ऐकलं, की आम्ही कुत्र्याच्या आधी त्या माणसाचा हात पाहतो. निवाऱ्यातल्या प्रत्येकाने, व्हॅनच्या चालकानेसुद्धा, चावा बसण्याआधीच लस घेतलेली हवी ती यासाठी. संशयित कुत्रा वेगळा ठेवतात. रेबीज असेल तर बहुधा दहा दिवसांच्या आत तो मरतो, मग मेंदूचा नमुना प्रयोगशाळेत जातो. म्हणून सांगतो, चावलेल्या कुत्र्याला दगडांनी ठेचू नका. तो दहा दिवसांनी धडधाकट असेल, तर चावला तेव्हा त्याच्या लाळेत विषाणू नव्हता, हे खात्रीने सांगता येतं. ठेचलेल्या डोक्यातून काहीच कळत नाही. अर्थात त्या दहा दिवसांची वाट पाहत लस लांबवायची नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हळद, चुना, मिरची यांतलं काही लावायचं नाही.

‘मग सगळी कुत्री आतच का ठेवत नाही?’ सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्ली आणि आसपासच्या शहरांपुरता तसा आदेश दिला होता. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींनी तो बदलला. नसबंदी आणि लसीकरण करून कुत्रा मूळ जागी सोडायचा, रेबीजचे आणि आक्रमक मात्र सोडायचे नाहीत, असं ठरलं. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालयं, स्थानकं यांच्या आवारातल्या कुत्र्यांबद्दल वेगळा, कडक आदेश आला. शाळेच्या फाटकात कुत्र्यांची टोळी नको, हे मलाही मान्य आहे. पण हलवलेला प्रत्येक कुत्रा जन्मभर कुठेतरी खाणार आहे आणि त्याचा पिंजरा कोणीतरी रोज धुणार आहे, हा हिशेब मी अंदाजपत्रकात शोधतो, आणि तो सापडत नाही.

मूळ जागी सोडण्याचं कारण दयेचं नाही, व्यवहाराचं आहे. उकिरडा तसाच ठेवून कुत्री हलवली, की शेजारच्या वस्तीतली, लस न टोचलेली कुत्री तिथे शिरतात. नसबंदीची खूण म्हणून कानाला खाच असलेला, लस टोचलेला कुत्रा जागेवर असला, तर ती जागा भरलेली राहते. मात्र हे साधायचं, तर प्रमाण गाठावं लागतं. रेबीज रोखण्यासाठी वस्तीतल्या किमान सत्तर टक्के कुत्र्यांना लस लागते. गोव्यात हे झालं. तिथे सरकार आणि मिशन रेबीज या संस्थेने वर्षाला सुमारे ९५ हजार कुत्र्यांना लस टोचली. जाळी घेतलेली पथकं गल्लोगल्ली फिरली, चावे आणि संशयित कुत्रे कळवायला दूरध्वनी क्रमांक दिला, शाळांतून मुलांना शिकवलं. कुत्र्यांमधल्या रेबीजच्या दरमहा आढळणाऱ्या घटना ९२ टक्क्यांनी घटल्या आणि २०२१ साली गोवा रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून घोषित झालं. यातली बहुतेक कुत्री निवाऱ्यात आलीच नाहीत. जागेवर धरली, टोचली, रंगाची खूण केली आणि सोडली.

आमच्याकडची नसबंदीची बरीच कंत्राटं दर शस्त्रक्रियेमागे इतके रुपये अशी असतात. मग ठेकेदार सापडतील ती सोपी कुत्री शहरभरातून उचलतो. माणसाळलेला नर लगेच व्हॅनमध्ये येतो. नाल्याकाठची हुशार मादी जाळ्याला चकवते आणि वर्षातून दोनदा विते. आकडा छान दिसतो, पिल्लं तेवढीच राहतात. माझी मागणी साधी आहे. पैसे प्रभागामागे द्या. एका प्रभागातल्या किती टक्के माद्यांच्या कानाला खाच आहे, हे बाहेरच्या माणसाने फिरून मोजावं, ठरलेलं प्रमाण भरलं की बिल निघावं आणि मगच पथक पुढच्या प्रभागात जावं. येत्या अंदाजपत्रकात आपल्या नगरसेवकाला एवढं एकच विचारा. प्रश्नांच्या चिठ्ठ्या बऱ्याच आलेल्या दिसतात, आता त्या घेऊ.