वऱ्हाडची काळी आणि आपला जांभा



भूगोलावर बोलायला आपण आम्हांला उभे केलेत, हे धाडसच म्हणायचे. १९८२ साली मुंबईच्या गिरण्यांचा संप झाला. वडील सूतखात्यात होते. आमची शाळा नववीतच सुटली. पुढचा भूगोल आम्ही पायांनी शिकलो, विदर्भात, कोळसाखाणींतल्या कंत्राटी कामगारांची संघटना बांधताना.

सावर्ड्यात चिरेखाण कोणाला ठाऊक नाही? आपला जांभा ज्या काळ्या कातळापासून झाला, त्याच कातळाच्या झिजेतून वऱ्हाडची काळी माती झाली. फरक केला पावसाने. येथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तो मातीतला चुना धुऊन नेतो, लोखंड मागे ठेवतो. अकोल्याकडे आठशेच्या आसपास पडतो. तेथली माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, आणि पोटात ओल धरून ठेवते. म्हणून तेथे विहिरीवाचून कापूस होतो.

पुष्कळ ठिकाणी तो विहिरीवाचूनच व्हावा लागतो. अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णेच्या काठाने खारपाणपट्टा आहे. विहिरीचे पाणी शेताला दिले तर जमीन चोपण होते. आम्ही किनाऱ्याकडची माणसे, पण खारी विहीर प्रथम पाहिली ती समुद्रापासून शेकडो मैलांवर!

१८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालली, मँचेस्टरचा कापूस अडला, तेव्हा विलायतेला वऱ्हाड आठवले. १८६७ साली आगगाडी नागपूरला पोचली. पुढे हा कापूस गिरणगावातही आला, आणि तो कातायला रत्नागिरीची माणसे गेली. वडिलांनी वऱ्हाड कधी पाहिले नाही; त्याची पूस मात्र रोज छातीत घेऊन घरी येत.

पूर्वेला भंडाऱ्यात मँगनीज आहे, चंद्रपूर-वणीकडे कोळसा. १९७३ साली कोळसाखाणी सरकारी झाल्या, तरी माती उपसण्याचे काम आज बहुतेक कंत्राटदाराकडे असते. खाणीत पाणी साचू नये म्हणून पंप रात्रंदिवस चालतात, आणि शेजारच्या विहिरी खाली जातात. एका सभेत एक बाई उठून म्हणाली, "भाऊ, पगाराचं बोलता, आमच्या विहिरीचं कोण बोलंल?" आमच्या मागणीपत्रात तेरा कलमे होती, विहीर एकातही नव्हती. त्या रात्री आम्ही चौदावे लिहिले. कंत्राटदाराने ते खोडले. यंदाच्या मागणीपत्रात ते पहिले आहे.