आतड्याची तपासणी: कुणी करावी?

शौचातून रक्त गेलं की आपल्याकडं निदान घरीच होतं: मूळव्याध! 'तांबडा रस्सा जरा जास्त झाला' म्हणून विषय मिटतो. बहुतेक वेळा ती मूळव्याधच असते, पण मोठ्या आतड्याचा कर्करोगही असाच सुरू होऊ शकतो.

काहीच त्रास नसताना तपासणी करावी का? अमेरिकेत 2021 पासून ती पंचेचाळिशीपासून सुचवली जाते. आपल्याकडं हा आजार तिथल्यापेक्षा कमी आढळतो. सरकारी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी होते, आतड्याची नाही. म्हणून सरसकट सगळ्यांनी धावायची गरज नाही. मात्र आई-वडील किंवा भावंडांना हा आजार झाला असेल, तर चाळिशीत, किंवा त्यांना झाला त्या वयाच्या दहा वर्षं आधी, यातलं जे आधी येईल तेव्हा, डॉक्टरांना भेटा.

मलातलं न दिसणारं रक्त शोधणारी चाचणी सोपी, पण दरवर्षी करावी लागते. दुर्बिणीच्या तपासणीत खरा वैताग आदल्या दिवशीचा: हलकं जेवण, मग जुलाबाचं औषध घालून दोन-तीन लिटर पाणी संपवायचं आणि रात्रभर खेपा. तपासणी मात्र साधारण अर्ध्या तासाची. आतड्यात कोंब, म्हणजे पॉलिप, दिसला तर बऱ्याचदा तिथंच काढतात, आणि कोंबाचा कर्करोग व्हायला बहुधा दहाएक वर्षं लागतात. आतड्याला इजा होण्याचा धोका असतो, पण क्वचित.

रक्त जात असेल, शौचाची सवय बदलली असेल, वजन किंवा हिमोग्लोबिन विनाकारण घटत असेल, तर वयाचा हिशेब सोडा. कोल्हापुरात सीपीआरला, म्हणजे आपल्या थोरल्या दवाखान्यात, किंवा तुमच्या डॉक्टरांकडं याच आठवड्यात जाऊन या.