फुकट काय असतं? आर्थिक मानवशास्त्राची तोंडओळख

आजचा विषय आहे आर्थिक मानवशास्त्र. नाव जड आहे, पण प्रश्न साधा आहे. माणसं एकमेकांना वस्तू देतात, श्रम देतात, तेव्हा त्यांच्यात कसलं नातं तयार होतं?

अर्थशास्त्राचं पुस्तक उघडलं की मागणी, पुरवठा, भाव सुरू होतो. मानवशास्त्रज्ञ मात्र लोकांमध्ये जाऊन राहतो आणि बघतो, कोण कोणाला काय देतंय आणि का.

ब्रॉनिस्लॉ मालिनोव्स्की पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीच्या पूर्वेकडच्या ट्रोब्रियांड बेटांवर राहिला. तिथली माणसं होड्या घेऊन जीव धोक्यात घालून दूरच्या बेटांवर जायची. कशासाठी? शिंपल्यांच्या दागिन्यांसाठी! लाल माळा बेटाबेटांतून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरायच्या, पांढरी कडी उलट दिशेने. दागिना मिळाला की काही दिवस मिरवायचा आणि पुढच्या भागीदाराला द्यायचा. याला म्हणतात कुला. कुलामध्ये घासाघीस करणं कमीपणाचं. पण त्याच प्रवासात उपयोगाच्या वस्तूंची अदलाबदल व्हायची, तिथे घासाघीस चालायची. तिचं नावच वेगळं, गिमवली. म्हणजे त्यांना सौदा कळत नव्हता असं नाही, बरं का. सौदा कुठे करायचा आणि कुठे नाही, हे त्यांचं ठरलेलं होतं. मालिनोव्स्कीचं हे पुस्तक 1922 साली आलं.

मग 1925 मध्ये फ्रान्सच्या मार्सेल मॉसने भेटवस्तूवर मोठा निबंध लिहिला. त्याचं म्हणणं, भेटीत तीन बंधनं असतात: द्यावं लागतं, घ्यावं लागतं आणि परत करावं लागतं. आपल्याकडे लग्नात आहेर कोणी किती केला, हे वहीत लिहून ठेवतात ना? तेच.

आता आपल्या गावाकडे येऊ. बलुतेदारी. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी वर्षभर काम करणार आणि सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा घेणार. दर कामाला वेगळा भाव नाही. ऐकायला किती छान वाटतं! पण इथे एक प्रश्न विचारायचा: नाही कोण म्हणू शकत होतं?

महार वतनात थोडी जमीन आणि बलुतं मिळायचं, त्या बदल्यात सरकारची आणि गावाची पडेल ती कामं, वेळी-अवेळी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात वतन कायदा बदलण्यासाठी विधेयक मांडलं. बलुत्याऐवजी रोख रक्कम मिळावी, हा त्यातला एक मुद्दा होता. ही वतनं कायद्याने रद्द व्हायला 1958 साल उजाडलं.

पैशाने नाती तुटतात, असं आपण सहज म्हणतो. पण काही नाती तुटायलाच हवी असतात. ठरलेला रोख मोबदला म्हणजे ‘काम झालं, आता मी मोकळा’ असं म्हणायचा हक्क.

हा विषय जुना झालाय असं समजू नका. घरकाम करणाऱ्या बाईंना आपण ‘आमच्या घरच्याच आहेत’ म्हणतो. दिवाळीला साडी देतो. पण आठवड्याची सुट्टी, पगारवाढ? तो विषय निघाला की आपुलकी मध्ये येते.

आर्थिक मानवशास्त्र भेट चांगली की बाजार चांगला, असा निकाल देत नाही. ते विचारायला शिकवतं: इथे देतं कोण, हिशोब कधी फिटतो, आणि नाही म्हणायची सोय कोणाला आहे? या आठवड्यात आपापल्या घरात हे तीन प्रश्न विचारून बघा. भेटू पुढच्या भागात.