चुलीपाशी विज्ञानाचा पाठ



पोटासाठी चाकण-पिंपरीच्या कारखान्यांत आलेल्या कित्येक कुटुंबांस १४.२ किलोचा गॅस सिलिंडर पगाराच्या दिवसापर्यंत पुरवावा लागतो. त्यांचीच मुले आपल्या वर्गांत बसतात. त्यांना उष्णतामापक घेऊन एवढेच दाखवावे: येथील उंचीवर पाणी सुमारे ९८ अंशांना उकळते, त्यानंतर ज्योत कितीही वाढविली तरी पारा वर चढत नाही. म्हणजे मोठ्या ज्योतीने डाळ लवकर शिजत नाही, केवळ पाणी आटते व इंधन जळते.

म्हणून डाळ आधी भिजवावी, भांड्यावर झाकण ठेवावे आणि उकळी येताच ज्योत मंद करावी. हा पाठ मुलांनी व मुलींनी सारखाच शिकावा. चूल एकट्या आईची नव्हे. वर्गात पटलेली गोष्ट सायंकाळी घरोघरी पोहोचते.