नागरिकशास्त्रात पैकीच्या पैकी, आणि एक फॉरवर्ड

(या भागाचा लिखित मजकूर. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)

एसटीत असाल, वावरात असाल, नाहीतर लायब्ररीत पुस्तक उघडं ठेवून कानात इअरफोन घालून बसला असाल, सगळं चालतं. फक्त आजचा विषय ऐकून लगेच भाग बदलू नका. विषय आहे नागरिकशास्त्र.

हसू नका राजेहो! मला माहीत आहे, इतिहासाच्या पुस्तकाच्या मागे चिकटलेला हा विषय आपण परीक्षेच्या आदल्या रात्री वाचायचो. पण मी त्यात हुशार होतो बरं का. मूलभूत कर्तव्यं क्रमाने पाठ, राज्यघटनेची उद्देशिका एका दमात. २६ जानेवारीला माइकवर मीच असायचो. सर म्हणायचे, "असा पोट्टा पाहिजे."

आता या असल्या पोट्ट्याने नोव्हेंबर २०२१ मध्ये काय केलं, ते ऐका.

मी मूळचा अकोल्याचा. तेव्हा शिकायला अमरावतीत होतो. आम्ही सात जण दोन खोल्या भाड्याने घेऊन राहायचो. डबा यायचा एका बाईंकडून. आम्ही त्यांना खाला म्हणायचो. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, वर तिखटाचा गोळा. माझी चतुर्थी माझ्यापेक्षा त्यांच्या जास्त लक्षात. त्या दिवशी न सांगता माझ्या डब्यात साबुदाण्याची उसळ. दोन वर्षं हे असं चाललं होतं.

मग १२ आणि १३ नोव्हेंबर आले. तुमच्यापैकी अमरावतीच्या लोकांना ते दिवस आठवत असतील. त्रिपुरातल्या घटनांच्या निषेधाचा मोर्चा, दुसऱ्या दिवशी बंद, आणि दोन्ही दिवशी दगडफेक, तोडफोड. शहरात संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झालं.

नेट जायच्या थोडं आधी माझ्या मोबाइलवर एक व्हॉइस क्लिप आली. धापा टाकत बोलणारा माणूस. अमक्या चौकात असं असं झालं, त्या लोकांकडून काही घेऊ नका, त्यांच्या हातचं खाऊ नका, आपल्या माणसांना सांगा. मी ती ऐकली आणि तीन ग्रुपवर पाठवली. रूमच्या, घरच्या आणि शाळेच्या. द्वेष वगैरे काही नव्हतं हो मनात. काळजी होती. खरंच काळजी होती. आणि मला वाटतं, असले बहुतेक मेसेज काळजीच्याच नावाने पुढे जातात.

संध्याकाळी घरमालक काकांना त्यांच्या भावाचा फोन आला. भाऊ त्याच चौकात राहतो. त्या चौकात तसं काहीच झालं नव्हतं. क्लिप खोटी होती. आता मला ती खोडायची होती, तर नेट बंद! खोटं निघून गेलं होतं आणि खरं माझ्या हातात अडकून पडलं होतं.

पण थांबा, इथे मी स्वतःला सोडणार नाही. नेट बंद होतं, फोन चालू होते. मी एकेकाला कॉल करू शकत होतो. नाही केला. लाज वाटली.

पुढे संचारबंदी शिथिल झाली. आमच्या सातपैकी पाच जणांनी डबा बदलला. कुणी कारण सांगितलं नाही. मी डबा बदलला नाही, पण त्या पाच जणांना काही बोललोही नाही. रिकामे डबे न्यायला खाला स्वतः आल्या. दारात उभ्या राहून विचारलं, "मायं काही चुकलं का रे बाबू?"

मी म्हटलं, "नाही खाला, पोरांच्या परीक्षा आहेत." म्हणजे वरून आणखी एक खोटं.

आठ दिवसांनी मला राहवलं नाही. त्यांच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या, थांबल्या नाहीत. म्हणाल्या, "मलेबी आला होता त्या दिवशी असाच एक आवाज. तुमच्या लोकायबद्दल. म्या पुढं नाही पाठवला."

मी विचारलं, "का?"

"रोज तुमचे डबे भरतो ना बाबू आम्ही. तो आवाज पाठवून मंग कोण्या हातानं भरू?"

खाला चौथीपर्यंत शिकलेल्या आहेत. नागरिकशास्त्र त्यांनी कधी उघडलं नसेल. आणि पैकीच्या पैकी मार्क मला.

तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात आहे. शाळेने मला शिकवलं ते नेमकं काय होतं? आता यावर "शिक्षणाने काही होत नाही" असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला ते पटत नाही. खालांना जे येत होतं, ते रोज सात पोरांचे डबे भरून आलं होतं. म्हणजे तेही शिक्षणच, फक्त ते हाताला झालं होतं. माझं तोंडाला झालं होतं.

उद्देशिकेत न्याय, स्वातंत्र्य, समता आणि बंधुता हे चार मोठे शब्द आहेत. पहिल्या तिघांसाठी माणूस कोर्टात जाऊ शकतो. माझ्यावर अन्याय झाला, माझा हक्क गेला, मला भेदभावाने वागवलं, त्याची दाद मागता येते. पण शेजाऱ्याने माझ्याशी बंधुत्वाने वागावं, यासाठी कुठल्या कोर्टात अर्ज करणार? ती सवयीनेच यावी लागते. आणि सवय लावायची जागा म्हणजे घर आणि शाळा.

हे आपल्या वऱ्हाडाला नवीन नाही मंडळी. डॉ. पंजाबराव देशमुख घ्या. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, म्हणून आपण त्यांना शेतीपुरतं ओळखतो. भाऊसाहेबांचा जन्म १८९८ चा, अमरावती जिल्ह्यातल्या पापळचा. इंग्लंडमध्ये शिकून आले. १९२७ मध्ये अमरावतीत अंबादेवी मंदिर प्रवेशाची चळवळ झाली, त्यात ते पुढे होते. त्याच वर्षी त्यांनी विमलाबाईंशी जातीबाहेर लग्न केलं. आणि त्याच काळात अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय उभं केलं, जिथे वेगवेगळ्या जातींची पोरं एकाच छपराखाली राहायची आणि जेवायची.

जरा डोळ्यासमोर आणा. गावात ज्याच्या विहिरीवर पाय ठेवता येत नाही, त्याच्याच पोराच्या शेजारी ताट मांडायचं. वाढणाराही पोरगाच, आज तू, उद्या मी. समता या विषयावर भाषण नाही, पेपर नाही. फक्त रोज दोन वेळा पंगत. पुढे त्यांनी शिवाजी शिक्षण संस्था काढली, संविधान सभेत बसले, दहा वर्षं देशाचे कृषिमंत्री राहिले. पण संविधानातली बंधुता कागदावर यायच्या वीसेक वर्षं आधी अमरावतीतल्या त्या पंगतीत बसलेली होती, असं मला नेहमी वाटतं.

दुसरा माणूस तर शाळेच्या भिंतीतच बसणारा नव्हता. गाडगेबाबा. शेंडगावचे, अंजनगाव सुर्जी तालुक्यातले. दिवसा गाव झाडायचे, रात्री कीर्तन करायचे. त्यांची कीर्तनाची पद्धत पाहा. बाबा सलग उपदेश करत नसत, प्रश्न विचारत. कर्ज काढून सण कशाला? नवसाला कोंबडं-बकरं कशाला? पोराला शाळेत का नाही घातलं? आणि लोकांकडून उत्तर वदवून घेत. हजारभर माणसं एका सुरात उत्तर देत आणि त्या उत्तरातच स्वतःची चूक त्यांना ऐकू येई. १९५६ मध्ये, जायच्या काही आठवडे आधी, मुंबईत वांद्र्याला झालेल्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण आहे. आपण पॉडकास्ट ऐकणारी माणसं, एकदा शोधून ऐकाच. आवाज खरखरतो, पण माणूस कळतो.

आपल्या संविधानात १९७६ साली मूलभूत कर्तव्यं घातली गेली, कलम ५१ क. त्यात दोन गोष्टी आहेत. एक, धर्म-भाषा-प्रदेश ओलांडून बंधुभाव वाढवणं. दुसरी, वैज्ञानिक दृष्टिकोन आणि शोधक बुद्धी. पहिली म्हणजे भाऊसाहेबांची पंगत, दुसरी म्हणजे गाडगेबाबांचा प्रश्न. माझ्याकडे दोन्ही पाठ होत्या आणि त्या दिवशी दोन्हीपैकी एकही हाताशी आली नाही.

मग शाळेत हे करायचं कसं? प्रयत्न झालेले आहेत. २००९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत 'मूल्यवर्धन' नावाचा कार्यक्रम सुरू झाला, शांतिलाल मुथ्था फाउंडेशनचा. पुढे तो राज्यभर गेला. त्यात मूल्यांवर भाषण नसतं. पोरं जोडीने, गटाने काम करतात, वर्गाचे नियम आपसात ठरवतात, बोलायला पाळी लावतात. पाळी लावणं ही साधी गोष्ट वाटते का? दुसऱ्याचं पूर्ण ऐकून मग बोलणं टीव्हीवरच्या मोठ्या माणसांना जमत नाही! फिनलंडमध्ये तर लहानपणापासून शाळेत खोटी बातमी ओळखायला शिकवतात, आणि त्यासाठी वेगळा तास ठेवत नाहीत. भाषेच्या, चित्रकलेच्या, गणिताच्या तासातच ते येतं.

आणि आपल्याकडे २६ जानेवारी २०२० पासून राज्यातल्या शाळांत परिपाठाला उद्देशिका वाचतात. चांगलंच आहे. फक्त माझं एक म्हणणं आहे. सकाळी 'बंधुता' म्हटली, तर दुपारी पोषण आहाराच्या वेळी कोण कुणाजवळ बसतं, ते सरांनी, मॅडमनी एकदा पाहावं. वाढायला रोज तीच मुलं, भांडी घासायला रोज त्याच मुली, असं असेल तर पोरं सकाळचा पाठ विसरतात आणि दुपारचा लक्षात ठेवतात. ऐकणाऱ्यांमध्ये डी.एड., बी.एड. वाले असतील, त्यांच्यासाठी हे खास.

आता शेवटचं. मे २०२३ मध्ये अकोल्यात, माझ्या गावात, तेच झालं. १३ मेच्या रात्री सोशल मीडियावरच्या एका पोस्टवरून जुन्या शहरात वाद पेटला. एका माणसाचा जीव गेला. त्या रात्री आमच्या शाळेच्या ग्रुपवर मेसेजवर मेसेज पडत होते. ज्या ग्रुपवर मी दीड वर्षापूर्वी ती क्लिप टाकली होती, तोच ग्रुप.

मी तीन प्रश्न टाकले. हे कुणी डोळ्याने पाहिलं? कुठे? किती वाजता? आणि खाली लिहिलं, "२०२१ मध्ये मी इथे खोटी क्लिप टाकली होती, न तपासता. नंतर माफीही मागितली होती, नऊ दिवस उशिरा. पुन्हा तसं नको."

चमत्कार वगैरे झाला नाही. काही जण गप्प झाले. एकाने स्वतःचा मेसेज डिलीट केला. दोघं ग्रुप सोडून गेले. त्यातला एक पाचवी ते दहावी माझ्या बाकावर बसायचा. तो अजून माझ्याशी बोलत नाही. खालांकडे पाचपैकी दोघं परत गेले, तिघं नाही गेले. हिशेब असा आहे, मी वाढवून सांगत नाही.

म्हणून तुमच्यासाठी आजचा गृहपाठ एकच. या आठवड्यात तुमच्या एखाद्या ग्रुपवर जा आणि तुम्हीच कधीतरी पाठवलेली एक चुकीची गोष्ट शोधा. प्रत्येकाची सापडेल. तिथेच, त्याच ग्रुपवर लिहा, की हे खोटं होतं आणि मी पाठवलं होतं. दोन ओळी. हात जड होतो, मला माहीत आहे. माझ्या क्लिपला चाळीस उत्तरं आली होती आणि माझ्या माफीला दोन अंगठे. तरी लिहा.

आणि कुणी घरापासून लांब, डब्यावर राहत असाल, तर तो डबा कोण भरतं, त्यांना एकदा भेटून या.

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, पण काळजीच्या नावाने काही पाठवण्याआधी जरा थांबा. राम राम, सलाम, जय भीम, जय गुरू!