लेनर्ड वैद्यक विद्यालयाची कहाणी



एखादी शिक्षणसंस्था बंद पडली की आपण तिचे दोष मोजतो. तिच्या जाण्याने कोणाचा आधार तुटला, हे मात्र सहसा कोणी मोजीत नाही. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या राजधानीत, रॅली येथे, असलेले शॉ विद्यापीठ आणि त्याचे लेनर्ड वैद्यक विद्यालय यांचा इतिहास या दृष्टीने मननीय आहे.

1865 साली अमेरिकेतील यादवी युद्ध संपले आणि दक्षिणेतील लक्षावधी कृष्णवर्णीय दास्यमुक्त झाले. गुलामगिरीच्या काळात त्यांना लिहावाचावयास शिकविणे हा अनेक राज्यांत गुन्हा होता. आता मुक्ती लाभली. पण विद्या कोण देणार? त्याच वर्षाच्या अखेरीस हेन्री मार्टिन टपर या बॅप्टिस्ट धर्मोपदेशकाने रॅलीत त्यांच्यासाठी एक वर्ग सुरू केला. त्या रोपाचेच पुढे शॉ विद्यापीठ झाले.

दक्षिणेतील गोऱ्यांची वैद्यक विद्यालये कृष्णवर्णीयांना प्रवेश देत नसत. म्हणून 1882 साली शॉ विद्यापीठाने लेनर्ड वैद्यक विद्यालय उघडले. पुष्कळ अमेरिकन विद्यालये दोन-तीन वर्षांत डॉक्टर घडवीत असता येथे चार वर्षांचा क्रमबद्ध अभ्यासक्रम होता. पहिली तुकडी 1886 साली बाहेर पडली. आपल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, तेच हे वर्ष. 1888 चे पदवीधर आरन मॅकडफी मूर हे डरॅम शहरातील पहिले कृष्णवर्णीय डॉक्टर. 1901 साली तेथे आपल्या बांधवांसाठी लिंकन इस्पितळ उभे राहिले, ते त्यांच्याच पुढाकाराने.

पुढे 1910 साली कार्नेगी प्रतिष्ठानच्या वतीने अब्राहम फ्लेक्सनर यांनी वैद्यक विद्यालयांची पाहणी प्रसिद्ध केली. प्रयोगशाळा हव्यात, इस्पितळ हवे, पूर्णवेळ अध्यापक हवेत, हा त्यांचा आग्रह योग्यच होता. परंतु कृष्णवर्णीयांच्या सात विद्यालयांपैकी वॉशिंग्टनचे हॉवर्ड आणि नॅशव्हिलचे मेहारी ही दोनच जोपासावीत, असा त्यांनी निर्वाळा दिला. कृष्णवर्णीय डॉक्टरांनी मुख्यतः आपल्या समाजात आरोग्यरक्षणाचे काम करावे, आणि त्यात गोऱ्यांचेही हित आहे, कारण रोग वस्तीची सीमा पाळीत नाही, असा त्यांचा विचार होता. नव्या कसोटीला लागणारा पैसा लेनर्डपाशी नव्हता. सुमारे 400 डॉक्टर देऊन 1918 साली ते बंद पडले. 1923 पर्यंत सातांतील दोनच उरली.

दोष होते, ते दूर करणे अगत्याचे होते. पण दुबळ्या विद्यालयाला सबळ करणे हा एक मार्ग, आणि त्याला टाळे लावणे हा दुसरा. दुसरा स्वस्त पडला. त्याचे मोल मात्र रोग्यांनी भरले. बंद पडलेली पाच विद्यालये चालू राहिली असती, तर त्यांतून सुमारे 35,000 डॉक्टर अधिक निघाले असते, असा अंदाज 2020 साली अमेरिकन संशोधकांनी मांडला.

शॉ विद्यापीठ मात्र टिकले. तेथून 1927 साली पदवी घेतलेल्या एला बेकर यांनी 1960 च्या एप्रिलमध्ये तेथेच विद्यार्थ्यांची परिषद भरविली, आणि तीतून वर्णभेदाविरुद्ध अहिंसेने लढणारी विद्यार्थी संघटना जन्मास आली. विद्येचे बीज असे दूरवर रुजते. म्हणून शाळेची परीक्षा अवश्य घ्यावी. पण तिला नापास ठरविण्यापूर्वी तिच्या दाराशी उभे असलेले लोक उद्या कोठे जातील, याचा विचार परीक्षकाने केलाच पाहिजे.